गुन्ह्याच्या कमाईवर टाच : ब्रिटनमधील वाढत्या अधिकारांची पार्श्वभूमी

एलएसडी हे मादक द्रव्य तयार करून विकणारी एक मोठी टोळी ब्रिटिश पोलिसांनी १९७७ मध्ये 'ऑपरेशन ज्युली' या मोहिमेत पकडली. आरोपींना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या आणि त्यांची सुमारे साडेसात लाख पौंडांची मालमत्ताही न्यायालयाने जप्त केली. मात्र १९८० मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ही जप्ती रद्द केली. १९७१ च्या मादक द्रव्य कायद्यातील जप्तीचे कलम कट रचण्याच्या गुन्ह्याला लागू होत नव्हते, आणि गुन्ह्याचा नफा काढून घेणे हा त्या कलमाचा हेतूही नव्हता. असा निर्णय द्यावा लागत असल्याबद्दल न्यायाधीशांनी निकालातच खेद व्यक्त केला. पुढच्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेचे मूळ या निकालात सापडते.

त्याआधीची स्थिती समजून घेतली पाहिजे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची मालमत्ता सरसकट सरकारजमा करण्याची जुनी पद्धत १८७० च्या कायद्याने बंद केली होती, आणि ते योग्यच होते, कारण तिची झळ त्याच्या निरपराध कुटुंबालाही बसत असे. मात्र त्यानंतर शतकभर गुन्ह्यातून झालेला नफा वसूल करण्याची सर्वसाधारण तरतूद कायद्यात नव्हती. सर डेरेक हॉजसन यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात ही उणीव दाखवून दिली. त्यानंतर १९८६ मध्ये अमली पदार्थांच्या व्यापारापुरता आणि १९८८ मध्ये इतर गुन्ह्यांसाठी कायदा झाला.

खरे वळण आले ते २००२ च्या 'प्रोसीड्स ऑफ क्राइम' कायद्याने. ज्याची जीवनपद्धतीच गुन्हेगारीची आहे असे न्यायालय ठरवते, त्याच्याकडे आधीच्या सहा वर्षांत आलेली संपत्ती गुन्ह्यातूनच आली असे या कायद्यानुसार गृहीत धरले जाते, आणि ते चूक असल्याचे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. अन्यायाचा गंभीर धोका असेल तर हे गृहीतक न्यायालयाने वापरायचे नाही, ही अटही त्यातच आहे, आणि माझ्या मते या कायद्याचे नैतिक बळ त्या अटीतच आहे. शिवाय कोणालाही दोषी न ठरवता केवळ मालमत्तेविरुद्ध उच्च न्यायालयात दिवाणी दावा करण्याचा मार्ग खुला झाला. तेथे फौजदारी खटल्यातील 'निःसंशय' पुराव्याची गरज नसते, शक्यता कोणत्या बाजूने अधिक आहे एवढेच पाहिले जाते. संशयित रोकड जप्त करण्याची किमान मर्यादाही १०,००० पौंडांवरून २००६ पर्यंत १,००० पौंडांवर आली.

अधिकार वाढले तरी वसुली त्या प्रमाणात वाढली नाही. दिवाणी दाव्यांसाठी स्थापन केलेल्या ॲसेट्स रिकव्हरी एजन्सीने २००६ अखेरपर्यंत सुमारे ६.५ कोटी पौंड खर्चून २.३ कोटी पौंड वसूल केले, आणि २००८ मध्ये तिचे काम दुसऱ्या यंत्रणेकडे गेले. गुन्हेगारीतून निर्माण होणाऱ्या दर १०० पौंडांमागे जेमतेम २६ पेन्स जप्त होतात, असे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ मध्ये नोंदवले. मला हा आकडा फार बोचतो, कारण उरलेला जवळजवळ सगळा पैसा गुन्हेगारांच्याच हाती राहिला.

त्यातूनच २०१७ चा 'क्रिमिनल फायनान्सेस' कायदा आला. संशयित बँक खाती गोठवण्याची सोय झाली, आणि ५०,००० पौंडांहून अधिक किमतीची मालमत्ता कोणत्या उत्पन्नातून घेतली याचा खुलासा मागणारा आदेश मिळवता येऊ लागला. हे आदेश २०१८ पासून प्रत्यक्षात निघू लागले. पण २०२० मध्ये लंडनमधील महागड्या घरांविषयीचे असे आदेश न्यायालयाने रद्द केले आणि ते मागणाऱ्या नॅशनल क्राइम एजन्सी या तपास यंत्रणेवर सुमारे १५ लाख पौंडांच्या न्यायालयीन खर्चाचा बोजा पडला. इतक्या खर्चाच्या भीतीने यंत्रणा पुन्हा असे पाऊल उचलायला कचरली तर नवल नव्हते. म्हणून युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये घाईने संमत झालेल्या कायद्याने अशा खर्चाच्या जबाबदारीला मर्यादा घातली. ऑक्टोबर २०२३ च्या कायद्याने जप्तीच्या अधिकारांत क्रिप्टो मालमत्तेचाही, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांचाही, समावेश केला. त्या तरतुदी एप्रिल २०२४ मध्ये लागू झाल्या असून, आता आधी अटक न करताही अशी मालमत्ता ताब्यात घेता येते आणि पासवर्ड लिहिलेला कागदही जप्त करता येतो.