स्नेहाळ शब्दातलं तेल

संक्रांतीला इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींचं स्नेहमिलन झालं. हातात तिळगूळ पडायच्या आत मोबाइलवर फॉरवर्ड आलं: 'स्नेह म्हणजे निर्मळ प्रेम, आणि त्याचं विज्ञान पूर्वजांना ठाऊक होतं.' प्रेमाचं राहू द्या. स्नेह म्हणजे तेलसुद्धा!

संस्कृतातल्या 'स्निह्' धातूत चिकटणंही आहे आणि माया करणंही. स्निग्ध त्यातलाच. आयुर्वेदाचे चार स्नेह म्हणजे तूप, तेल, वसा (चरबी), मज्जा (हाडांतला मगज). केसाळ, रसाळमधला 'आळ' लावला की स्नेहाळ. अक्षरशः घ्यायचं तर तेलानं भरलेला माणूस.

मला मात्र खरी गंमत वाटते ती सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या तर्कशास्त्राच्या ग्रंथातल्या व्याख्येची. पिठासारख्या चूर्णाचा गोळा ज्या गुणानं होतो तो स्नेह, आणि तो फक्त पाण्यात असतो. शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन घालून आई मूठ आवळून बघते. मुटका वळला तर ठीक, भुगा झाला तर आणखी एक पळी. तेव्हा आत काय होतं? दोन कणांच्या फटीत तेलाचा इवलासा पूल बनतो. तेल कणांच्या अंगाला पसरू बघतं, म्हणून पुलाची कंबर आत खेचली जाते. अशा आत वळलेल्या पृष्ठभागामुळे पुलातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. शिवाय कडेकडेनं पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागातला ताण, ओढतोच. दोन्ही मिळून कण एकमेकांकडे ओढले जातात. पण सगळ्या फटी भरून गेल्या, की हवा नाही, म्हणून कंबरही नाही आणि पकडही नाही. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो आणि लाटेखाली बसतो, तो यामुळेच.

मग नैयायिकांनी, म्हणजे अन्नंभट्टांसारख्या तर्कपंडितांनी, पृष्ठताण शोधला होता? छे. तेलातला स्नेह त्यातल्या पाण्याच्या अंशामुळे, असं ते मानत. तेल मुळात पाण्याचं नसतंच. निरीक्षण फक्कड, कारण चुकलेलं. विज्ञानात हे नेहमीचंच. त्यावर 'सगळं आधीच ठाऊक होतं' अशी पाटी लावली, की त्यांनी खरोखर काय पाहिलं तेच झाकलं जातं.

प्राकृतात स्नेहाचा 'णेह' झाला, हिंदीत 'नेह'. स्नानाचं न्हाण झालं तसंच. आपण मात्र स्नेह जोडाक्षरासकट ठेवला.

तिळाच्या वजनात साधारण निम्मं तेलच असतं. मंडळातून आणलेल्या तिळगुळाचा कागद सकाळी खिडकीशी धरला, तर वडीच्या आकाराचा डाग पडला होता, त्यातून पलीकडची गुलमोहराची फांदी अंधुक दिसत होती.