मातीखाली काय आहे, हे विचारण्याचा खर्च

बंद कारखान्याची भर शहरातली जागा वर्षानुवर्षे ओस पडली, की ती विषारी असणार असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेत अशा जागांबाबत पुष्कळदा निराळाच पेच होता: ती विषारी आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते शोधण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

या अनास्थेचे मूळ एका चांगल्या हेतूच्या कायद्यात सापडते. नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनॉल वस्तीत सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरलेला असल्याचे प्रकरण 1978 मध्ये गाजले आणि 1980 मध्ये 'सुपरफंड' कायदा आला. त्यानुसार प्रदूषण करणाऱ्याबरोबरच जमिनीच्या सध्याच्या मालकाकडूनही सफाईचा खर्च वसूल करता येऊ लागला. मग बँका कर्ज द्यायला कचरू लागल्या, खरेदीदार शहराबाहेरची कोरी जमीन पाहू लागले आणि जुने मालक फाटकाला कुलूप लावून स्वस्थ बसले. कारण मातीचा नमुना एकदा तपासला की अज्ञानाची सबब उरत नाही. अशा जागांना तिकडे 'ब्राऊनफील्ड' म्हणतात. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार त्यांची संख्या 4,50,000 हून अधिक आहे.

ही कोंडी फोडण्यासाठी 1993 मध्ये ओहायोतील कायहोगा काउंटीला प्रायोगिक अनुदान मिळाले. त्याची रक्कम अवघी 2,00,000 डॉलर होती. पुढे 2002 च्या कायद्याने तपासणी, सफाई आणि फिरता कर्जनिधी (परतफेडीच्या पैशातून पुन्हा कर्ज देणारा निधी) यांसाठी अनुदानाची सोय केली, शिवाय खरेदीपूर्वी रीतसर चौकशी करणाऱ्या निर्दोष खरेदीदाराला जुन्या दायित्वातून वगळले. माझ्या मते या योजनेतला सर्वांत शहाणपणाचा पैसा तपासणीवर खर्च होणारा आहे. 2021 मध्ये या कार्यक्रमासाठी दीड अब्ज डॉलरची अतिरिक्त तरतूद झाली.

तपासणीच्या पहिल्या टप्प्यात कुदळ लागतच नाही. जुनी कागदपत्रे, जागेची पाहणी आणि माहीतगारांच्या मुलाखती यांवर काम भागते. येथे सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे फार उपयोगी पडतात. आगीच्या विम्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून काढलेल्या या नकाशांवर बॉयलर कुठे होता, इंधनाची टाकी कुठे होती, हे इमारतीगणिक नोंदलेले असते. आगीच्या भीतीने केलेली ही नोंद आता विषाचा माग काढायला कामी येते.

संशय बळावला तर दुसऱ्या टप्प्यात बोअर घेऊन माती व भूजल यांचे नमुने तपासले जातात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते भूजलावर तरंगते आणि तुलनेने लवकर सापडते. ड्रायक्लीनिंगमधील परक्लोरोइथिलीनसारखी क्लोरिनयुक्त द्रावके मात्र जड असतात. ती भूजलातून खाली उतरतात, चिकणमातीच्या थरावर साचतात आणि दशकानुदशके थोडीथोडी विरघळत राहतात. त्यांची वाफ जमिनीतून वर चढून इमारतीच्या तळमजल्यात शिरते. डिहॅलोकोकॉइड्स नावाचे जिवाणू या रेणूंतील क्लोरीन एकेक करून काढून अखेरीस निरुपद्रवी इथिलीन उरवतात. पण प्रक्रिया मध्येच अडकली, तर मागे राहणारे व्हिनाइल क्लोराइड हे सिद्ध कर्ककारक आहे.

सफाई म्हणजे प्रत्येक वेळी सगळी माती उपसणे नव्हे. शिसे असलेल्या मातीवर काँक्रीट किंवा स्वच्छ मातीचा जाड थर घालून वाहनतळ करता येतो, पण तेथे घरे आणि परसबागा व्हायच्या असतील तर निकष कडक होतात. वापरावरचे बंधन जमिनीच्या दस्तऐवजातच नोंदवावे लागते, अन्यथा तीस वर्षांनी कोणीतरी तोच थर फोडतो.

भारतात प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम 2025 मध्ये अधिसूचित झाले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने करायची, तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहायची, आणि जबाबदार व्यक्ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसली तर खर्चाची तजवीज केंद्र व राज्य यांनी करायची, अशी त्यांची रचना आहे.