योगासनांचे पेटंट कुणाकडेही नाही

‘अमेरिकेने योगासनांचे पेटंट घेतले,’ हा मजकूर कित्येक वर्षे फिरतो आहे. तो खरा नाही. त्यामागचे प्रकरण कोलकात्यात जन्मलेल्या बिक्रम चौधरी यांचे असून, तापवलेल्या खोलीत, उभ्याने केलेल्या दीर्घ श्वसनापासून कपालभातीपर्यंत ठरावीक क्रमाने करायच्या 26 आसनांच्या व 2 श्वसनक्रियांच्या मालिकेवर त्यांनी अमेरिकेत पेटंटचा (नव्या शोधावरील हक्काचा) नव्हे, तर कॉपीराइटचा (लेखन वा कलाकृतीवरील हक्काचा) दावा सांगितला होता. 2015 मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला. पुस्तकातील मजकुराला संरक्षण मिळते, परंतु त्यात वर्णिलेली मालिका ही एक पद्धत असल्याने तिला ते मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ट्रेडमार्क तर केवळ नावाला किंवा चिन्हाला मिळतो. नोंदवलेले नाव दुसऱ्याला आपल्या वर्गासाठी वापरता येत नाही, आसन मात्र शिकवता येते. तरीही, पिढ्यान्‌पिढ्या हातचे न राखता दिल्या गेलेल्या विद्येवर असा हक्क सांगितला जावा, याची चीड येणे मला रास्तच वाटते. अमेरिकेत पेटंट खरोखर मिळाले होते ते हळदीने जखम बरी करण्याच्या उपायाला, 1995 मध्ये. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील दाखले सादर केल्यावर 1997 मध्ये ते रद्द झाले.