पासिंग झालेली जुनी स्पोर्ट्‌स कार: शिक्का नेमकं काय सांगतो?

जर्मनीत गाड्या तपासणाऱ्या ‘ट्युफ’ संस्थांचा ‘ट्युफ रिपोर्ट’ दरवर्षी प्रसिद्ध होतो. सक्तीच्या तपासणीत कोणत्या मॉडेलमध्ये किती गंभीर दोष सापडले, याची ती वयोगटवार यादी. तिच्यात पोर्शे ९११ अनेकदा पहिल्या क्रमांकावर असते, आणि तेही फक्त नव्या गाड्यांत नाही. जुन्या वयोगटांतही ती साध्यासुध्या कौटुंबिक मोटारींना मागे टाकते. ऑडी टीटीही वरच्या रांगेत दिसते. यावरून ‘जुनी स्पोर्ट्‌स कार घ्या, ती जास्त भरवशाची’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. पण ही तपासणी कुठून आली आणि कशासाठी आली हे पाहिलं, की त्या क्रमांकाचा अर्थ बराच बदलतो.

सुरुवात मोटारीपासून होत नाही, बॉयलरपासून होते. जानेवारी १८६५ मध्ये मानहाइम शहरातल्या एका बिअरच्या कारखान्यात बॉयलर फुटला. त्या काळी असे स्फोट नवे नव्हते. नवी होती ती पुढची गोष्ट. १८६६ मध्ये तिथल्या बॉयलरमालकांनीच एकत्र येऊन स्वतःची संस्था काढली आणि आपापले बॉयलर त्रयस्थ अभियंत्यांकडून नियमित तपासून घ्यायला लागले. इतर शहरांतही अशा संस्था निघाल्या आणि त्यांतूनच आजच्या ट्युफ संस्था घडल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यावर मोटारी आल्या, तेव्हा यंत्र तपासायची सवय असलेली तयार माणसं हीच होती. मोटारींचं काम ओघानेच त्यांच्याकडे आलं.

ठरावीक मुदतीने प्रत्येक गाडी दाखवायची, ही सक्ती जर्मनीत १९५१ च्या डिसेंबरपासून आली. कागदावर नियम होता, पण गाडी दाखवली की नाही हे रस्त्यावर कळायची सोय नव्हती, त्यामुळे टाळाटाळ करणारे सुखात होते. १९६१ मध्ये नंबरप्लेटवर गोल शिक्का चिकटवायला सुरुवात झाली आणि ही पळवाट बंद झाली. सहा रंग आळीपाळीने वापरतात, रंगावरून वर्ष कळतं आणि सर्वांत वर आलेल्या आकड्यावरून महिना. मागून येणाऱ्या पोलिसाला गाडी न थांबवताही मुदत संपलेली दिसते. साध्या चिकटपट्टीने कायद्याला दात आणले ते असे. आज नवी गाडी तीन वर्षांनी पहिल्यांदा दाखवावी लागते, नंतर दर दोन वर्षांनी.

ब्रिटनची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथे १२ सप्टेंबर १९६० ला ‘एमओटी’ चाचणी, म्हणजे तिथलं पासिंग, सुरू झाली. अर्नेस्ट मार्पल्स तेव्हा वाहतूकमंत्री होते. चाचणी फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना लागू होती आणि पाहायचं काय, तर ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. इतकंच. युद्धाआधीच्या खटारा गाड्या अजून रस्त्यावर होत्या, त्यांना चाळणी लावायची एवढाच हेतू. पण नापास होणाऱ्यांचं प्रमाण इतकं निघालं, की वर्षभरातच मर्यादा सात वर्षांवर आली आणि १९६७ पर्यंत तीन वर्षांवर. तपासणीची यादीही तशीच वाढत गेली. १९६८ मध्ये टायर आले, १९७७ मध्ये सीटबेल्ट, वायपर वगैरे, १९९१ मध्ये धुराची तपासणी. युरोपीय समुदायाने १९७७ मध्येच एक समान नियम आणला होता. २०१४ च्या नव्या नियमाने दोषांच्या किरकोळ, गंभीर आणि धोकादायक अशा तीन पायऱ्या ठरवल्या. मे २०१८ पासून ब्रिटनमध्येही हीच विभागणी चालते.

या सगळ्या वाढीत एक गोष्ट मात्र कधीच यादीत शिरली नाही: गाडी टिकेल का, हा प्रश्न. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था पाहतच नाहीत. गाडी दुसऱ्याच्या जिवावर उठू नये एवढीच चाचणीची जबाबदारी. मालकाच्या खिशाचं काय होतं, हा तिचा विषय नाही. आणि तरीही जर्मनीतल्या जाहिरातींत ‘ट्युफ नवं’ आणि ब्रिटनमध्ये ‘वर्षभराची एमओटी’ हे विक्रीचे शब्द होऊन बसले. सुरक्षिततेच्या कागदाला बाजाराने हमीपत्राचा मान देऊन टाकला. मला तर हा त्या चाचणीवरचा अन्यायच वाटतो.

स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. १९९७ मध्ये आलेली पाण्याने थंड होणारी ९११, म्हणजे तिची ‘९९६’ ही पिढी, आणि तिच्या आधीच्या वर्षी आलेली पोर्शेचीच पहिली बॉक्स्टर यांचं उदाहरण घ्या. यांच्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टच्या मधल्या शाफ्टला एक बेअरिंग आहे. ते गेलं, तर बहुतेक वेळा इंजिनच जातं. बहुसंख्य गाड्यांत ते जातही नाही. पण ज्या गाडीत ते उद्या सकाळी जाणार आहे, तीही आज दुपारी तपासणीत निर्दोष ठरू शकते. ब्रेक चांगले, दिवे चांगले, धूर मर्यादेत, मग पास.

उलट बाजूही आहे. पहिल्या दोन पिढ्यांच्या माझ्दा एमएक्स-५ चं इंजिन सहसा त्रास देत नाही, पण पत्र्याला गंज धरतो, विशेषतः दाराखालच्या पट्ट्यांत, मागच्या चाकाजवळ. छताचं पाणी वाहून जायची छिद्रं कचऱ्याने बुजली, की पाणी आतच मुरतं. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं त्याच्या तीस सेंटीमीटरच्या आत पत्रा सडलेला असेल, तर एमओटी नापास. म्हणजे यंत्र ठणठणीत आणि शिक्का नाही. त्यातही तपासनीसाला कोणताही भाग सुटा करून पाहायची मुभा नसते. स्पोर्ट्‌स कारच्या पोटाखाली प्लॅस्टिकचं आवरण असतं, त्याच्यामागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही आणि न दिसलेल्याची नोंद होत नाही.

मग ९११ यादीत वर का येते? यंत्राचं श्रेय आहेच. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तिच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा आहे, त्यामुळे गंजाचं सर्वसाधारण दुखणं बरंच कमी. पण मोठं कारण मालक. ही गाडी बहुधा घरातली दुसरी किंवा तिसरी असते, गॅरेजमध्ये राहते, तिचं रनिंग कमी असतं आणि देखभालीला पैसा कमी पडत नाही. त्याच वयाची कौटुंबिक मोटार रोज कामाला जुंपलेली असते. वय सारखं, पण झीज सारखी नाही. अहवालात प्रत्येक मॉडेलचे सरासरी किलोमीटर दिलेले असतात, पण मथळे वाचणारे तिथवर पोचत नाहीत.

गाडी आणखी म्हातारी झाली, की नियम सैल होतात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि मोठा बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून एमओटी सक्तीची नाही. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ नंबरप्लेट मिळते, पण तपासणी सुटत नाही.

एमओटीचे निकाल संगणकावर गेल्यापासून मात्र खरेदीदाराला एक वेगळंच हत्यार मिळालं. गाडीचा नंबर टाकला, की वर्षावर्षाचे निकाल, प्रत्येक वेळचं रनिंग आणि तपासनीसाने ‘लक्ष ठेवा’ म्हणून दिलेले शेरे फुकट दिसतात. एका पासपेक्षा ही रांग जास्त बोलते. ‘मागच्या ब्रेकपाइपला गंज’ हा शेरा सलग चार वर्षं येत असेल, तर मालक कसा होता ते कळलं. दोन तपासण्यांमध्ये गाडी जेमतेम शंभर-दोनशे मैल फिरली असेल, तर जपलेली म्हणून खूश होण्याआधी वाकून टायर बघावेत. ब्रिटनमध्ये मोटारीच्या टायरला वयाची अट नाही. पंधरा वर्षांचा, दगडासारखा कडक झालेला टायरसुद्धा नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर असेल आणि खोल भेगा नसतील, तर पास होतो.