दोन रंगद्रव्यांची करामत

कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरच्या जंगलात गव्यांचा कळप दिसला, तर त्यातील पूर्ण वाढलेले नर जवळजवळ काळे, माद्या तपकिरी आणि लहान वासरे फिकट सोनेरी दिसतात. वर फांद्यांवर तांबूस पाठीचे आणि पिवळसर पोटाचे शेकरू उड्या मारत असते. या दोघांच्या आणि जगातील एकूणच सस्तन प्राण्यांच्या केसांचे रंग मुख्यतः दोनच रंगद्रव्यांवर अवलंबून असतात. यूमेलॅनिन काळी व तपकिरी छटा देते, फिओमेलॅनिन पिवळी व तांबडी, आणि दोन्ही नसतील तेथे केस पांढरा उगवतो, जसा गव्याच्या गुडघ्यांखाली.

हिरवे रंगद्रव्य केसांत तयारच होत नसल्यामुळे वाघाला नारिंगीवर भागवावे लागते, आणि ते उत्तम भागते. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचे दोनच प्रकार असल्याने त्यांना नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही. म्हणजे माणसाला भडक वाटणारे वाघाचे सौंदर्य सांबराच्या दृष्टीने निव्वळ झुडूप असते.

ठिपके आणि पट्टे कसे उमटतात, याचा विचार एका गणितज्ञाने केला, हे मला या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये मांडले की, परस्परांवर क्रिया करणारी दोन रसायने ऊतीत वेगवेगळ्या गतीने पसरली, तर एकसारख्या पृष्ठभागावरही आपोआप नक्षी उमटू शकते. हेच गणित पुढे प्राण्यांच्या कातडीला लावले गेले, तेव्हा निमुळत्या शेपटीवर ठिपक्यांऐवजी कडी उमटावीत असे उत्तर निघाले, आणि चित्त्याच्या अंगावर ठिपके असूनही शेपटीच्या टोकाकडे खरोखरच कडी असतात. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, आणि देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले गेले, त्यामुळे हे जनावर या गावाला परके नव्हते. आफ्रिकेतील काही चित्त्यांच्या अंगावर ठिपक्यांऐवजी मोठे डाग आणि पाठीवर काळे पट्टे असतात. ही एकेकाळी वेगळी जात मानली गेली होती, परंतु 2012 मध्ये स्पष्ट झाले की तो एकाच जनुकातील बदलाचा परिणाम आहे, आणि घरगुती मांजरांच्या अंगावरील नागमोडी डागांमागेही तेच जनुक असते.

झेब्र्याच्या पट्ट्यांचा उपयोग मात्र वाटतो तितका भव्य नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साध्या घोड्यांना पट्टेदार झूल घातली, तेव्हा चावणाऱ्या माश्या जवळ येत, परंतु झुलीवर त्यांना नीट उतरता येत नसे.

या दोन रंगद्रव्यांच्या पलीकडचे रंगही आढळतात, पण त्यांचा मार्ग निराळा असतो: मँड्रिल माकडाच्या चेहऱ्यावरील निळा रंग त्वचेतील कोलॅजेन तंतूंच्या रचनेवरून प्रकाश विखुरल्याने दिसतो, तर दक्षिण अमेरिकेतील स्लॉथच्या केसांवरची हिरवी झाक तेथे वाढणाऱ्या शेवाळाची असते.