कमळ की कुमुद? आधी पान बघा

तळ्यातल्या गोल पानांमध्ये मोठं फूल दिसलं की आपण त्याला कमळ म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा ते कुमुद असतं, म्हणजे वॉटर लिली. ही गल्लत जुनीच आहे. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनिअसने १७५३ मध्ये कमळाला कुमुदाच्याच निम्फिया गटात बसवलं होतं. आज जनुकांवरून कळतं की कमळाचे जवळचे नातलग चिनार आणि प्रोटिया, म्हणजे चक्क जमिनीवरची झाडं. कुमुद मात्र सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या शाखेतलं. दोघांचं साम्य आलंय ते पाण्यात राहण्यातून.

ओळखायचं तर फुलाआधी पानाकडे बघा. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत एक खाच असते आणि पान पाण्यावर पसरलेलं असतं. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मध्यावर जोडलेला, आणि पूर्ण वाढलेलं पान पाण्याच्या बरंच वर उभं राहतं. एक मेख आहे: कमळाची पहिली कोवळी पानं पाण्यावरच तरंगतात. अशा वेळी खाच शोधायची. नाहीतर पानावर थोडं पाणी टाका. कमळाच्या पानावर मेणाने माखलेले सूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे पाण्याचे गोल मोती होऊन धूळ घेत घरंगळतात. कुमुदाच्या पानावर तसे टपोरे मोती घरंगळत नाहीत.

फूल निळं असेल तर प्रश्नच मिटला, कारण कमळ निळं नसतं. ज्याला आपण नीलकमळ म्हणतो ते कुमुद. कमळाच्या मधोमध सपाट माथ्याची, भोकाभोकांची कर्णिका असते आणि प्रत्येक भोकात एकेक बी तयार होते. ही बी इतकी टणक की चीनमधल्या एका कोरड्या सरोवराच्या गाळात सापडलेली सुमारे १३०० वर्षं जुनी बी रुजली आहे.

परागीभवनात तर दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या. कमळ स्वतः उष्णता निर्माण करतं. बाहेर हवा १० अंशांवर उतरली तरी फुलाचं तापमान ३० ते ३६ अंश सेल्सिअस राहतं, आणि त्या उबेत भुंगेरे मुक्काम ठोकतात. कुमुदाच्या फुलात पहिल्या दिवशी मधल्या वाटीत पातळ द्रव साठतो. पराग अंगावर घेऊन आलेला कीटक त्यात घसरतो, पराग धुतले जातात. काही कीटक तिथेच बुडून मरतात. पुढच्या दिवशी वाटी कोरडी होते आणि पुंकेसर पराग सोडू लागतात. मला कुमुदाची ही युक्ती कमळाच्या उबेपेक्षाही थक्क करते. नंतर कुमुदाचा देठ वळून फळ पाण्याखाली ओढतो. बिया सुटल्यावर थोडा वेळ तरंगतात, दूर जातात आणि मग बुडतात.

तळ्याच्या दृष्टीने कुमुदाचं तरंगतं पान म्हणजे छप्पर आणि जमीन दोन्ही. खाली सावली पडते, पाणी कमी तापतं, शेवाळाला ऊन कमी मिळतं, माशांच्या पिल्लांना आडोसा होतो. एखादं पान हलकेच उलटून बघा: गोगलगायींच्या अंड्यांचे बुळबुळीत पुंजके चिकटलेले दिसतील. टाचण्या, म्हणजे चतुरांचे सडपातळ भाऊबंद, तर पानाच्या आणि देठाच्या पेशींतच अंडी घालतात. लांब बोटांचा कमळपक्षी अशा पानांवर चालतो, तिथेच घरटं करतो, आणि अंडी उबवतो तो नर. कमळाची उभी पानंही दाट सावली देतात, पण त्यांच्याखाली हवा खेळती राहते आणि देठांवर चतुरांना बसायला जागा मिळते.

अति झालं तर दोघंही त्रास देतात. पाणी पूर्ण झाकलं गेलं की खाली उजेड जात नाही, कुजणारी पानं प्राणवायू खातात आणि मासे गुदमरतात. त्यात कमळाचं खोड गाळातून वेगाने पसरतं, म्हणून छोट्या तळ्यासाठी मी कुमुदच सुचवेन. जुनी पानं बुडण्याआधी काढावीत. फक्त कमळाचा देठ पाण्याच्या वरच कापा. त्याच्या आतल्या पोकळ नळ्यांतून गाळातल्या खोडापर्यंत हवा जाते. पाण्याखाली कापला तर त्याच नळ्यांतून पाणी शिरतं आणि खोड सडू शकतं.