‘२१ सिंगल्स’ची पार्श्वभूमी : गोंगाटाखालच्या चाली

स्कॉटलंडमधील ‘जीझस अँड मेरी चेन’ या रॉक बँडच्या सिंगल्सचा, म्हणजे एकेका गाण्यासाठी स्वतंत्रपणे काढलेल्या तबकड्यांचा, ‘२१ सिंगल्स’ हा संग्रह २००२ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा बँड विसर्जित होऊन सुमारे तीन वर्षे लोटली होती. १९८४ ते १९९८ या काळातील गाणी त्यात कालक्रमाने लावलेली आहेत. या बँडचे नाव निघाले की कर्कश गिटारचा उल्लेख आधी होतो. मात्र या गाण्यांचा इतिहास तपासला, तर जिम आणि विल्यम रीड हे बंधू मुळात तीन मिनिटांच्या, सहज गुणगुणता येणाऱ्या गाण्याचे कारागीर होते आणि त्यांची प्रतिभा सिंगलमध्येच सर्वाधिक खुलली, असे मला ठामपणे वाटते.

रीड बंधू ईस्ट किलब्राइड या, दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लासगोजवळ वसवलेल्या नव्या शहरात वाढले. कारखान्यातील नोकरी गेल्यावर वडिलांना जी भरपाई मिळाली, तिच्यातले ३०० पौंड त्यांनी मुलांना दिले आणि त्यातून १९८३ मध्ये पोर्टास्टुडिओ हे चार ट्रॅकचे घरगुती ध्वनिमुद्रण यंत्र आले. घरी मुद्रित केलेली त्यांची कॅसेट ग्लासगोचे संगीतकार बॉबी गिलेस्पी यांच्या हाती लागली आणि त्यांनी ती आपले मित्र, लंडनमध्ये ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी चालवणारे अ‍ॅलन मगी यांच्यापर्यंत पोहोचवली. नोव्हेंबर १९८४ मध्ये निघालेले ‘अपसाइड डाउन’ हे पहिले सिंगल त्यातूनच साकारले.

गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या अगदी जवळ नेली, की स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा तारांत आणि पिकअपमध्ये (तारांची कंपने टिपणाऱ्या भागात) शिरतो, तोच पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो आणि पाहता पाहता त्याची एक सलग किंचाळी होते. या फीडबॅकपासून बहुतेक वादक दूर राहतात; रीड बंधूंनी तोच संपूर्ण गाण्यावर पसरला. त्याच्या खाली मात्र १९६० च्या दशकातील अमेरिकी पॉपची साधी, गोड चाल वाहत असते. त्यांच्या ‘जस्ट लाइक हनी’च्या आरंभीचे ड्रमचे ठोके ऐकताच ‘रोनेट्स’ या अमेरिकी गायिका-गटाच्या १९६३ मधील ‘बी माय बेबी’ची ओळख पटते. साथही तितकीच मोजकी होती : बँडमध्ये दाखल झालेले गिलेस्पी उभे राहून केवळ स्नेअर आणि फ्लोअर टॉम हे दोनच ड्रम वाजवत, तर डग्लस हार्ट यांच्या बेसला दोनच तारा असत. इतक्या उघड्या सांगाड्यावर चाल कच्ची असती, तर ती तगली नसती.

१९८५ च्या आरंभी बँड ‘वॉर्नर’ समूहातील ‘ब्लँको इ नेग्रो’ या कंपनीकडे गेला. मार्चमध्ये नॉर्थ लंडन पॉलिटेक्निकमधील अगदी आखूड कार्यक्रमानंतर प्रेक्षकांनी सामानाची मोडतोड केली आणि पुढे कित्येक महिने वृत्तपत्रांत गाण्यांपेक्षा दंगलीचीच चर्चा अधिक झाली. ‘यू ट्रिप मी अप’ या सिंगलच्या मागच्या बाजूला घ्यायचे गाणे ईश्वरनिंदा करणारे आहे, म्हणून तबकड्या छापणाऱ्या कारखान्यातील कामगारांनी काम नाकारले आणि ते गाणे बदलावे लागले. रसिकांनी मात्र गाण्यांची बाजू घेतली : बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी त्या वर्षीच्या मतदानात ‘नेव्हर अंडरस्टँड’ला पहिले आणि ‘जस्ट लाइक हनी’ला दुसरे स्थान दिले.

गिलेस्पी १९८६ मध्ये ‘प्रायमल स्क्रीम’ या आपल्या बँडकडे पूर्णवेळ वळले आणि पुढच्या ध्वनिमुद्रणांत ड्रम मशीन आले. संग्रहाच्या क्रमाचे मोल येथे कळते. ‘सम कँडी टॉकिंग’नंतर लगेच ‘एप्रिल स्काइज’ सुरू होते. गिटारचा पडदा दूर होतो, शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि चाल उघड्यावर येते. १९८७ मधील हेच गाणे ब्रिटनमधील सिंगल्सच्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि ते त्यांचे सर्वोच्च यश ठरले. १९९२ च्या ‘रेव्हरन्स’मध्ये गोंगाट परतला आणि बीबीसीने न वाजवताही ते पहिल्या दहांत गेले. दोन वर्षांनी ‘मॅझी स्टार’ या अमेरिकी बँडच्या गायिका होप सँडोव्हाल यांच्यासह केलेले ‘समटाइम्स ऑल्वेज’ हे दोन आवाजांतील शांत संभाषण आहे.

‘ब्लँको इ नेग्रो’शी संबंध संपल्यावर बँड ‘क्रिएशन’कडे परतला आणि तेथूनच १९९८ मध्ये संग्रहातील शेवटची दोन सिंगल्स निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसमधील एक कार्यक्रम भावांच्या बेबनावामुळे काही मिनिटांत आटोपला आणि पुढच्या वर्षी फुटीवर शिक्कामोर्तब झाले.

या सिंगल्सपैकी ‘अपसाइड डाउन’, ‘साइडवॉकिंग’ आणि ‘स्नेकड्रायव्हर’ बँडच्या मूळ स्टुडिओ अल्बमांत नव्हती. ‘सायकोकँडी’ या पहिल्या अल्बमपासून १९९८ च्या ‘मंकी’पर्यंतचे अल्बम संग्रही असलेल्या श्रोत्यालाही ‘अपसाइड डाउन’ वेगळे शोधावे लागे. ज्या गाण्याने सारे सुरू झाले, तेच या संग्रहात पहिले आहे.